उतारावरची इमारत, ४७ लेव्हल आणि ७८० एमबीची रेव्हिट फाइल: फोडू की तशीच ओढू?

चिरेबंदी (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमचं तीन माणसांचं ऑफिस. मी, माझी एक सहकारी आणि गेल्या वर्षी कॉलेजातून बाहेर पडलेला एक ज्युनिअर. आजवर बंगले, दोन दुमजली लॉज आणि एक शाळा एवढंच रेव्हिटमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) केलं. आता गुहागर तालुक्यात डोंगरउतारावर पर्यटक निवासाचं काम आलंय आणि मॉडेल हाताबाहेर गेलंय.

आधी जागा सांगते, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. रस्ता वर, समुद्र खाली. रस्त्यालगतचा गडगा आरएल (ठरलेल्या शून्यापासूनची उंची, मीटरमध्ये) ५८ च्या आसपास, सगळ्यात खालच्या ब्लॉकची फरशी ३५.२५० ला. मध्ये २३ मीटरचा उतार आणि त्यावर पायरी-पायरीने चार ब्लॉक: ए, बी, सी, डी. प्रत्येकाला तीन मजले. पाहुणा वरून शिरतो, म्हणजे स्वागतकक्ष ए ब्लॉकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर आणि त्याच्या खोल्या पायाखाली. बी ब्लॉक एपासून अर्धा मजला खाली सरकलाय, कारण मध्ये कातळ आहे आणि मालकांना तिथे सुरुंग नको (खाली विहीर आहे, तिचं पाणी गेलं तर? बरोबरच आहे त्यांचं). सी आणि डी जमिनीने जिथे बसवले तिथे बसलेत.

आता लेव्हल, म्हणजे मॉडेलमधल्या उंचीच्या रेघा, मोजा. १२ मजले, प्रत्येकाला फिनिश फरशी, स्लॅब आणि लिंटेल अशा तीन, झाल्या ३६. चार वळचणी, चार आढी, ४४. रस्ता, टाकी, तलाव. ४७. कुठलाही सेक्शन उघडला की डाव्या बाजूला रेघांची चळत. सीचा सगळ्यात खालचा मजला ४१.४०० आणि डीचा सगळ्यात वरचा ४१.८५०. दोघांत ४५० मिलिमीटर. कागदावर त्या दोन रेघा एकमेकींवर चढून बसतात आणि त्यांची नावं काय, तर "लोअर ग्राउंड" आणि "अपर ग्राउंड २".

मे महिन्यात खालच्या दोन ब्लॉकांची आखणी चालू असताना मी साइटवर गेले. कातळावर लाल रंगात टीबीएमची, म्हणजे आरएल माहीत असलेल्या बिंदूची, खूण केलेली आहे. सुपरवायझर लेव्हल पाइप घेऊन सीच्या प्लिंथची दोरी बांधत होते. मला ती दोरी उंच वाटली. मोजलं, तर ४१.८५०. तीन पायऱ्या वर! विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या नकाशात चार तळमजले आहेत. मी त्यातला एक धरला." मला उत्तर सुचलं नाही. काँक्रीट पडलं नव्हतं म्हणून वाचलो.

आता फाइलचं. ७८० एमबी. सकाळी उघडायला १३ मिनिटं, सिंक करायला (आपलं काम सगळ्यांच्या सामायिक सेंट्रल फाइलीत चढवायला) आठ-नऊ. वॉर्निंग १,४१२. माझ्या मशीनला ३२ जीबी रॅम, बाकी दोघांना १६. सर्व्हेअरची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) लिंक केल्यापासून कंटूरच्या (समान उंचीच्या) रेघा थरथरल्यासारख्या दिसतात, हॅच तुटतो, स्नॅप चुकतो. लिंक करताना कसलीशी चौकट आली होती, मी ओके केलं.

आणि पाऊस. गेल्या मंगळवारी सहकारी सिंक करत होती आणि वीज गेली. सेंट्रल फाइल उघडेना. माझ्या लोकल कॉपीवरून नवी सेंट्रल बनवली, तिचं अर्ध्या दिवसाचं काम गेलं. ती काही बोलली नाही. माझ्या वाटणीचा चहा मात्र तिने त्या दिवशी केला नाही.

गणपतीच्या आत टेंडरचा संच द्यायचाय. प्रत्येक ब्लॉकची फाइल वेगळी करू का? लेव्हलना नावं काय देऊ? की सरळ रॅम विकत घेऊ?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

ताई, मी स्ट्रक्चरलकडचा ड्राफ्ट्समन. फाइल फोडण्याबद्दल जाणकार सांगतील, मी विजेबद्दल सांगतो.

यूपीएस नुसता कॉम्प्युटरला लावून भागत नाही. नेटवर्कचा स्विचही त्याच यूपीएसवर हवा. आमच्याकडे असंच झालं होतं, तिन्ही मशीन चालू राहिली आणि कोपऱ्यातला आठ पोर्टचा स्विच बंद पडला, सिंक अर्ध्यावर. दोनशे मशीन वाचवून उपयोग काय, रस्ताच तुटला तर. वायफायवरून सिंक करत असाल तर ते आजच बंद करा, केबल ओढा. आणि सेंट्रल फाइल गूगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या फोल्डरात ठेवली असेल तर काढा. तो फोल्डर आपल्या मर्जीने फाइल वरखाली करतो आणि रेव्हिटची वाट लागते.

बॅकअपबद्दल: २२ जुलै २०२१ ला आमच्या ऑफिसात पाणी शिरलं तेव्हा मशीन टेबलावर चढवली होती, बॅकअपचा डबा मात्र टेबलाखाली राहिला. पाणी टेबलाच्याही वर गेलं. तीन वर्षांची ड्रॉइंग गेली. आता रोज संध्याकाळी एक हार्ड डिस्क माझ्या बॅगेतून घरी जाते, दुसऱ्या मजल्यावर. तुम्ही सड्यावर (कातळपठारावर) असाल तर पुराची भीती नाही, पण वीज पडते ती सड्यावरच.

दादर_ते_दोडामार्ग (मुंबई)

चिरेबंदी, मी इथे एका ऑफिसात बिम कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे इमारतींची मॉडेलं जुळवणारा. ४० मजली टॉवरच्या फाइली बघतो आणि खरं सांगायचं तर त्या तुमच्यापेक्षा सोप्या असतात. तिथे मजला एकावर एक चढतो, एक टिपिकल फ्लोअर काढला की ३० वेळा तोच. तुमच्याकडे १२ मजले आणि १२ ही वेगळे.

रॅमपासून सुरू करतो कारण ते पटकन संपतं. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कचा ढोबळ हिशोब असा की फाइलच्या आकाराच्या २० पट रॅम धरायची. ७८० गुणिले २० म्हणजे १५.६ जीबी. १६ च्या मशीनवर विंडोजनेच दोन-तीन खाल्लेले असतात, म्हणजे ती दोघं रोज हार्ड डिस्कवर रांगतायत. त्यांची रॅम ३२ करा. पण ते औषध नाही, क्रोसिन आहे.

सर्व्हेची डीडब्ल्यूजी हा तुमचा पहिला आजार. सगळा कोकण यूटीएमच्या (पृथ्वीवर आखलेली मीटरमधली जाळी) ४३ व्या झोनमध्ये येतो. गुहागरच्या बाजूला ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) ३ लाख मीटरच्या वर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) १९ लाखांच्या वर असेल, स्वतः बघा. ऑटोकॅडमध्ये फाइल उघडून झूम एक्स्टेंट्स करा. प्लॉट कोपऱ्यात ठिपक्याएवढा झाला तर समजा की ०,० वर कुठला तरी भटका टेक्स्ट किंवा ब्लॉक पडलाय. म्हणजे रेव्हिटच्या दृष्टीने तुमची लिंक १९०० किलोमीटर लांबीची आहे! रेव्हिटला त्याच्या अंतर्गत ओरिजिनपासून १६ किलोमीटरच्या आत भूमिती लागते, त्याबाहेर गेलं की तो थरथरतो. तुम्ही ओके केलेली चौकट तेच सांगत होती.

भटकं सामान उडवा, फक्त कंटूर, हद्द, झाडं, विहीर, भरतीरेषा ठेवा. मग सेंटर टू सेंटर लिंक करा, प्लॉटची एखादी पक्की खूण मॉडेलवर आणून बसवा आणि त्या लिंकमधून ॲक्वायर कोऑर्डिनेट्स घ्या, म्हणजे सर्व्हेचे आकडे मॉडेलला मिळतात. शेवटी टीबीएमच्या जागी स्पॉट एलेव्हेशन टाकून आरएल जुळतो का बघा. जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आता लेव्हल. लिंटेलच्या १२ लेव्हल कशाला? लिंटेल म्हणजे फरशीपासून २१०० वर, तो ऑफसेट आहे. रेव्हिटमधली लेव्हल ही सगळ्या मॉडेलमधून आरपार जाणारी सपाट पातळी असते, तिला ब्लॉक कळत नाही. म्हणून ज्यावर माणूस उभा राहतो तीच लेव्हल, हा नियम. स्लॅबच्या लेव्हल स्ट्रक्चरवाल्यांच्या फाइलीत राहू देत. वळचण आणि आढं रेफरन्स प्लेनवर जमतं.

नावात तळमजला, ग्राउंड, लोअर, अपर यांपैकी एकही शब्द ठेवू नका. ब्लॉक, मग वरून खाली मोजलेला क्रमांक, मग आरएल: "सी-०३ ४१.४००". क्रमांक दोन अंकी, नाहीतर रेव्हिटच्या ब्राउझरमध्ये (व्ह्यूंच्या यादीत) उलटसुलट लागतात. आणि लेव्हलच्या टाइपमध्ये एलेव्हेशन बेस नावाची गोष्ट आहे, ती सर्व्हे पॉइंटवर ठेवा, म्हणजे डोक्यावर थेट आरएल छापला जातो. सुपरवायझरच्या हातात लेव्हल पाइप आणि टीबीएम आहे, त्याच्या कामाचा आकडा तोच. आतल्या कामाला ± शून्य लागत असेल तर प्रोजेक्ट बेस पॉइंटवरचा दुसरा टाइप करा.

फाइल फोडायची का? हो. पण त्याआधी दोन गोष्टी सांगा. छप्पर कसं काढलंय? आणि १,४१२ वॉर्निंगांत सगळ्यात जास्त कुठली आहे?

चिरेबंदी

दादा, रात्री डीडब्ल्यूजी उघडून बघितली. ०,० वर सर्व्हेअरच्या ऑफिसचा टायटल ब्लॉक पडलेला होता. हसावं की रडावं.

छपराबद्दल विचारलंत आणि मी ज्युनिअरकडे बघितलं. मग त्याने सांगितलं. त्याने मंगलोरी कौल काढलंय. एक कौल, त्याच्या नळी-पाख्यासकट, खालच्या बाजूच्या खोबणीसकट, आणि ते सगळ्या छपरावर मांडलंय. चारही ब्लॉकांची छपरं मिळून ११०० चौरस मीटर, चौरस मीटरला साधारण १५ कौलं, म्हणजे साडेसोळा हजार. "मॅडम, खरं दिसतं," म्हणाला. दिसतं खरं. त्याच्या आजोळी कौलं परततानाचं त्याने लहानपणापासून बघितलंय, पागोळ्या कुठून पडतात तेसुद्धा त्याने बरोबर दाखवलंय. रागावता येईना.

आणि चिऱ्याच्या भिंतीला सांधे म्हणून त्याने रिव्हील (भिंतीत कोरलेल्या खाचा) टाकलेत. प्रत्येक थराला.

वॉर्निंगमध्ये सगळ्यात जास्त "एकाच जागी दोन सारख्या वस्तू". सहाशेच्या वर.

दादर_ते_दोडामार्ग

देवाक काळजी! साडेसोळा हजार कौलं.

त्या पोराला ओरडू नका, त्याचं ते कौल जपून ठेवा. रेंडरसाठी एक वेगळी फाइल करा, तिथे त्याला खुशाल शाकारू दे. कामाच्या मॉडेलमध्ये साधं छप्पर आणि मटेरियलमध्ये कौलाच्या मापाचा पॅटर्न. चिऱ्यालाही तसंच. पॅटर्न मॉडेल प्रकारचा घ्या, ड्राफ्टिंगचा नको, म्हणजे स्केल बदललं तरी चिरा चिऱ्याएवढाच राहतो. वळचणीचा तपशील एकदाच, १:१० ला, डिटेल व्ह्यूमध्ये.

दुहेरी वस्तू म्हणजे कुणीतरी खोल्यांचा ग्रुप कॉपी करून त्याच जागी पुन्हा चिकटवलाय. हे नुसतं वजनाचं नाही, दारांच्या शेड्यूलमध्ये दारं दुप्पट मोजली जातायत. टेंडरला हे गेलं असतं तर कंत्राटदाराने आनंदाने मान्य केलं असतं.

फोडायची पद्धत: ब्लॉक निवडून नव्या फाइलीत चिकटवू नका. आधी एकाच फाइलीत कोऑर्डिनेट्स नीट करा. मग ती सेंट्रलपासून डिटॅच करून चार वेळा सेव्ह करा आणि प्रत्येकीत बाकीचे तीन ब्लॉक उडवा. चौघींचा ओरिजिन एकच राहतो, त्यामुळे साइटच्या फाइलीत ओरिजिन टू ओरिजिन लिंक केल्या की आपोआप जागेवर बसतात. लिंक ओव्हरले प्रकारची ठेवा, अटॅचमेंट नको, नाहीतर एकमेकींच्या पोटात एकमेकी. साइटच्या फाइलीत प्रत्येक लिंकला स्वतंत्र वर्कसेट (हवा तेव्हाच उघडायचा गट) द्या. डीवर काम नसेल तेव्हा तो वर्कसेट न उघडता बसायचं. वर्कसेट म्हणजे ऑटोकॅडचा लेयर नव्हे, भिंतींचा एक, दारांचा एक असले करू नका.

उडवल्यावर पर्ज (न वापरलेलं सामान काढणं) तीनदा. एकदा पर्ज केलं की त्याच्या आतलं सामान मोकळं होतं, ते दुसऱ्यांदा जातं. मग ऑडिट करून उघडा आणि सेव्ह करताना कॉम्पॅक्ट.

एक धोका. लेव्हल डिलीट केली की तिच्यावर बसलेलं सगळं तिच्याबरोबर जातं, भिंती, फरश्या, दारं, प्लॅनसुद्धा. फोडताना हे सोयीचं आहे, डीच्या लेव्हल उडवल्या की डी आपोआप साफ. पण सीची एखादी भिंत चुकून डीच्या लेव्हलवर बसली असेल तर ती पण जाईल, चूपचाप. आधी तपासा.

स्केचअप_भक्त

एवढा व्याप कशाला, स्केचअपमध्ये प्रत्येक मजला कंपोनंट करा, टॅग लावा, नको तो लपवा. माझं तीन मजली घर १२ एमबीत बसतं.

सडेकर (दापोली)

वरच्या भक्ताला नमस्कार. १२ मजल्यांना वायरिंग, ड्रेनेज आणि दारांचं शेड्यूल लागलं की या परत.

मुली, मी आर्किकॅडवाला. रेव्हिटचं बटण कुठे असतं ते मला विचारू नकोस. पण उतारावर ३० वर्षं बांधतोय. आमच्याकडे तर एका फाइलीत मजल्यांची एकच शिडी असते, त्यामुळे तुझ्यासारखी इमारत आली की ब्लॉकची फाइल वेगळी करून मुख्य फाइलीत हॉटलिंक मॉड्यूल म्हणून योग्य उंचीवर ठेवायची, हे आम्हाला पहिल्यापासूनच करावं लागलं. तेव्हा फोडण्याला माझा विरोध नाही. घाईला आहे.

दोडामार्गकरांनी एक सांगितलं नाही. चार फाइली झाल्या की दोन ब्लॉकांमधला जिना कुणाचा? ए आणि बीमधल्या अर्ध्या मजल्याचा जिना, सी आणि डीमधल्या त्या तीन पायऱ्या, वरच्या पाण्याची पन्हळ, मधली संरक्षक भिंत. लिंकमधल्या भिंतीला इकडची भिंत जुळत नाही. दोन घरांच्या मधल्या गडग्यासारखं होतं, दोघं म्हणतात तुझा, आणि शेवटी तो ढासळतो. माझ्या एका कामात असाच एक पॅसेज दोन्ही फाइलींत काढला गेला आणि दुसऱ्या एका कामात दोन्ही फाइलींतून राहिला. राहिलेला जास्त महाग पडला.

म्हणून आधी कॉम्प्युटर बंद कर. एक लांब कागद घे, ए-शून्याच्या दोन शीट जोडून. रस्त्यापासून खालच्या पऱ्यापर्यंत (ओढ्यापर्यंत) एकच सेक्शन काढ, १:१०० ला. जमिनीची मूळ रेघ, कापायची रेघ, १२ फरश्या, प्रत्येकीवर आरएल. मग लाल पेन्सिलने चार ब्लॉकांभोवती रेघ मार. जी वस्तू कुठल्याच लाल रेघेत येत नाही, तिची पाचवी फाइल. तो कागद भिंतीवर लाव आणि मग काय फोडायचं ते फोड.

तीन माणसं आहात. साइट धरून सहाच्या वर फाइली नकोत. सकाळी कुठली उघडायची हेच आठवत नाही मग.

दादर_ते_दोडामार्ग

काका, मान्य. जिन्यांचं माझ्याकडून राहिलं. आमच्याकडे त्यासाठी वेगळा माणूस असतो म्हणून सुचलं नाही.

एक भर: प्रत्येक ब्लॉकच्या फाइलीत शेजारच्या ब्लॉकच्या लेव्हल कॉपी करू नका, तिथेच घोळ परत सुरू होतो. काकांच्या त्या पाचव्या जोडफाइलीत मात्र दोन्हीकडच्या लागतील, तिथे कॉपी-मॉनिटर करा, म्हणजे सीची फरशी कुणी हलवली तर सूचना येते. आणि लेव्हलना स्कोप बॉक्स लावा, सेक्शनमध्ये रेघ त्या ब्लॉकपुरतीच दिसेल.

चिरेबंदी

तीन आठवड्यांनी परत आलेय. पावसाने दोन दिवस दिले, बाकी आम्ही दिले.

काकांचा कागद पहिल्यांदा केला. दोन शीट जोडायला चिकटपट्टी पुरली नाही, तिसरी लागली. मी आणि सहकारी जमिनीवर बसून काढत होतो आणि ज्युनिअर आरएल वाचून दाखवत होता. त्या एका दुपारी तीन गोष्टी सापडल्या ज्या मॉडेलमध्ये चार महिने लपल्या होत्या. एक, बीच्या मागची संरक्षक भिंत एच्या पायाच्या खाली घुसत होती. दोन, तलावाची लेव्हल कुणी तरी फुटात टाकली होती. तिसरी सांगत नाही, ती माझी होती.

मग डीडब्ल्यूजी साफ, कोऑर्डिनेट्स, टीबीएम. पहिल्या वेळेला आरएल ७० मिलिमीटरने चुकला, कारण मी खूण कातळाच्या माथ्यावर धरली आणि सर्व्हेअरने खिळ्यावर. साइटवर जाऊन खिळा शोधला. शेवाळाखाली होता.

मग कौलं. ज्युनिअरने स्वतः उडवली, मी म्हटलं तूच कर. फाइल ७८० वरून ४३० ला आली एका बटणावर. तो थोडा वेळ गप्प बसला होता. रेंडरच्या फाइलीत त्याने सगळी परत मांडलीत आणि आता तिथे वळचणीला पावसाची पन्हळही आहे.

आणि दादा, तुम्ही सांगितलेला धोका तुम्ही सांगूनसुद्धा माझ्याकडून झालाच. सीची फाइल करताना डीच्या लेव्हल उडवल्या. डी गेला, आनंद झाला. संध्याकाळी सहकारी म्हणाली, सीच्या खालच्या मजल्यावर बाथरूमच्या भिंती कुठेत? नव्हत्या. दारंही नव्हती. जुनी फाइल उघडून बघितलं तर त्या सगळ्या भिंतींचा बेस डीच्या ४१.८५० वर आणि ऑफसेट उणे ४५०. म्हणजे दिसायला बरोबर ४१.४०० ला, पण नाळ शेजारणीच्या घरात. मेमध्ये दोरी ज्या ४५० ने चुकली होती तेच हे ४५०. तेव्हाच कुणीतरी चुकीच्या लेव्हलवर काढून, मग उणे टाकून "दुरुस्त" केलं होतं. (कुणी ते विचारू नका. चहा परत सुरू झालाय, मला तो चालू ठेवायचाय.)

परत मूळ फाइलीपासून सुरुवात. या वेळी आधी एक थ्रीडी व्ह्यू केला, त्यात भिंतींना फिल्टर लावला: बेस कन्स्ट्रेंट डीची कुठलीही लेव्हल असेल तर लाल. सीच्या ब्लॉकमध्ये १९ भिंती लाल झाल्या. बीमध्येही चार निघाल्या, एच्या लेव्हलवर बसलेल्या. एकेक निवडून बेस बदलला. बेस बदलला तरी ऑफसेटचा आकडा तसाच राहतो, भिंत ४५० ने खाली जाते, मग ऑफसेट शून्य करायचा. हे पहिल्या भिंतीला कळलं, बाकी १८ ना आधीच माहीत होतं.

आता आकडे. ए ९५ एमबी, बी ७६, सी ८२, डी ७१, साइट ५८ आणि "जोड" नावाची सहावी २४. जोडमध्ये तीन जिने, पॅसेज, पन्हळी आणि संरक्षक भिंती. सकाळी माझी फाइल दीड मिनिटात उघडते. सिंकला ४० सेकंद. लेव्हल प्रत्येक ब्लॉकमध्ये चार, तीन फरश्या आणि एक छप्पर. वॉर्निंग सगळ्या मिळून ९६, त्यातल्या बऱ्याच खोल्यांच्या आहेत, त्या टेंडरनंतर. दोघांची रॅम वाढवली. वाशिष्ठीकाठ दादा, स्विच यूपीएसवर आहे आणि एक हार्ड डिस्क माझ्या डब्याच्या पिशवीतून घरी जाते. आईने एकदा ती फ्रिजमध्ये ठेवली.

सुपरवायझरना नवा संच पाठवला, नावं "सी-०३ ४१.४००" अशी. त्यांचा फोन आला. मला वाटलं काहीतरी चुकलं. म्हणाले, "मॅडम, हे बरं केलंत. आता मला तुमचं नाव वाचायला नको, आकडा वाचला की झालं." आता ते फोनवर मजला म्हणतच नाहीत. "शेहेचाळीस पंच्याण्णवला पाणी येतंय," एवढंच. मी समजते की बीच्या खालच्या मजल्यावर मागच्या भिंतीतून झरा लागलाय. (त्याचा प्रश्न वेगळ्या धाग्यात टाकते, तो रेव्हिटचा नाही, डोंगराचा आहे.)

एक राहिलं. ए ब्लॉकचा प्लॅन साइटच्या फाइलीत काढला की शेजारचा बी अर्धा मजला खाली असल्याने चुकीच्या उंचीवर कापला जातो, खिडक्यांऐवजी लिंटेलच्या वरची भिंत दिसते. प्लॅन रीजन (प्लॅनच्या एका तुकड्यापुरती कापायची उंची बदलणं) करू की लिंकला "बाय लिंक्ड व्ह्यू" (तिच्या स्वतःच्या फाइलीतला प्लॅन दाखवणं) देऊ?

दादर_ते_दोडामार्ग

बाय लिंक्ड व्ह्यू. बीच्या फाइलीत त्या प्लॅनची एक प्रत करा, नाव द्या "साइटसाठी", आणि कुणी तिला हात लावायचा नाही. प्लॅन रीजन लिंकवरही चालतो, पण चार ब्लॉकांचे चार मजले म्हणजे चौकटींचं गोधडं होईल. जोडफाइलीतल्या अर्ध्या जिन्यापुरता वापरा.

आणि त्या १९ भिंतींचं ऐकून इथे ऑफिसात तीन जणांनी आपापल्या फाइलीत तो लाल फिल्टर लावला. आकडे विचारू नका.

सडेकर

कागद काढू नकोस भिंतीवरून.

चिरेबंदी

नाही काढत काका. लॅमिनेट करणार होते, पण अजून रोज त्यावर काहीतरी लिहितोय.

दादा, बाय लिंक्ड व्ह्यू जमलं, खिडक्या आल्या. गणपतीला दोडामार्गला जाल तेव्हा वाट वाकडी करून गुहागरला या, साइट दाखवते. रस्त्यावरून आत शिरलात की ५८.५०० ला भेटू.